आधी शेवट ठरवू की लिहीत जाऊ? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की कथा-कादंबरीला हात घालण्याआधी सगळा आराखडा तयार असलाच पाहिजे असं काही नाही, लिहिता लिहिता कथा सापडत जाते आणि कितीतरी चांगलं लिखाण तसंच झालंय. त्यावर खानापूरपासून चिकोडीपर्यंत बरीच पत्रं आली, काही जणांनी तर फोनवरच वाद घातला, आणि मला ते आवडलं, कारण लिहिण्यावरून कुणी वाद घालतंय म्हणजे लिहिणं त्याला महत्त्वाचं वाटतंय. सगळी पत्रं या पानांत बसणार नाहीत, जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेवढे घेते.

प्रश्न: ताई, मी खानापूर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. माझे आजोबा सीमालढ्यात होते, त्यांच्यावर कादंबरी लिहायची ठरवून एक मोठा तक्ता केलाय, १९५६ पासून १९८६ पर्यंत, कुठल्या प्रकरणात काय घडणार, कोण कधी जाणार, सगळं. पण चौथ्या प्रकरणातच अडकलोय. लिहायला बसलो की कंटाळा येतो, पुढचं सगळं आधीच माहीत असल्यासारखं वाटतं. मित्र म्हणतो तक्ता फाडून टाक. पण आराखड्याशिवाय लिहिणं म्हणजे आळसच झाला ना?

उत्तर: सर, तक्ता फाडू नका. फक्त काही दिवस कपाटात ठेवा.

आळसाचं आधी सांगते. आराखडा करून लिहिणारा माणूस विचाराचं बरंचसं काम आधी उरकतो आणि मग लिहितो, आराखड्याशिवाय लिहिणारा आधी लिहितो आणि तेच काम त्याला नंतर करावं लागतं, पानंच्या पानं काढून टाकावी लागतात, पहिलं प्रकरण परत लिहावं लागतं, कधी कधी अख्खं पात्र बदलावं लागतं. काम कुणाचंच चुकत नाही, उलट दुसऱ्याला बहुतेक वेळा जास्तच पडतं. त्यामुळे सोपं म्हणून या वाटेला कुणी जाऊ नये असं मी सगळ्यांनाच सांगते.

मग जायचं कशाला? तर इंग्रजी लेखक टोल्किन यांचं उदाहरण बघा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' त्यांनी १९३७ च्या डिसेंबरात लिहायला घेतली आणि ती छापून आली १९५४-५५ मध्ये. त्यात सुरुवातीलाच एका खानावळीत, कोपऱ्यात बसलेला एक अनोळखी माणूस भेटतो. आज वाचणाऱ्याला माहीत असतं की हा पुढे राजा होणार आहे. पण पहिल्या खर्ड्यात तो माणूसच नव्हता, तो एक हॉबिट होता, म्हणजे त्या गोष्टीतल्या बुटक्या लोकांपैकी एक, पायात लाकडी बूट घालणारा, नाव ट्रॉटर. हा कोण, इथं का बसलाय, हे लेखकालाच माहीत नव्हतं, पण त्यांनी त्याला हाकलला नाही, त्याच्याबरोबर पुढे लिहीत गेले, सुरुवातीची प्रकरणं परत परत लिहिली, आणि कितीतरी खर्ड्यांनंतर तो राजघराण्याचा वारस आहे हे ठरलं. मला यातली लाकडी बुटांची गोष्ट फार मोलाची वाटते. लेखकाकडे त्या क्षणी एवढा एकच तपशील होता आणि तेवढ्यावर पात्र उभं राहिलं, त्याचं राज्य मागाहून आलं. आधी तक्ता केला असता तर त्या चौकटीत 'राजा भेटतो' असं तरी आलं असतं किंवा काहीच आलं नसतं.

आता तुमच्या कादंबरीबद्दल, आणि हे जरा मनापासून लिहिते. आपल्या भागात सीमाप्रश्नावर लिहायला बसलं की एक गोष्ट आधीच तयार असते. १७ जानेवारीचा हुतात्मा दिन, १ नोव्हेंबरचा काळा दिवस, मोर्चा, लाठीमार, तुरुंग, घरी वाट बघणारी बायको, शेवटी म्हातारा आजोबा आणि न सुटलेला प्रश्न. यातलं काहीच खोटं नाही, आपल्या घराघरात हे घडलंय. पण ही गोष्ट आपण भाषणांतून, स्मरणिकांतून, बॅनरवरून इतक्यांदा ऐकलीय की आराखडा करायला बसलं की तीच आपोआप हाताखालून उतरते. तुमचा तक्ता मी बघितलेला नाही, पण तुम्हीच बघा, त्यातल्या किती चौकटी तुमच्या आजोबांच्या आहेत आणि किती चौकटी कुणाच्याही आजोबांना चालतील. कंटाळा येतोय तो पुढचं माहीत असल्यामुळे येतोय असं तुम्ही म्हणता, मला वाटतं पुढचं *सगळ्यांनाच* माहीत असल्यामुळे येतोय, वाचणाऱ्यालासुद्धा.

म्हणून असं करा. तक्त्यात नसलेला एक दिवस निवडा. समजा आजोबा तुरुंगातून सुटून घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. पाऊस लागलाय, रोप लावण चालू आहे, आजींनी एकटीनं माणसं लावून निम्मं शिवार उरकलंय, आजोबा बांधावर येऊन उभे राहतात. गावात काल त्यांना हार घातलाय. आजी मान वर करून बघत नाहीत. पुढे काय बोलणं होतं ते ठरवू नका. आजोबा चिखलात उतरतात की तसेच मागं फिरतात? मजुरांचे पैसे कुणाकडून उसने आणलेत? ज्याच्याकडून आणलेत तो मोर्चात होता की नव्हता? बसा आणि लिहा, पाच-सहा पानं होऊ द्यात. त्यात एखादी गोष्ट अशी येईल की तुम्ही स्वतःच थांबून म्हणाल, अरे, हे मला माहीत नव्हतं. तिथून पाचवं प्रकरण निघेल, आणि ते तक्त्यातलं पाचवं नसेल.

फक्त एक सांभाळा. गोष्ट शोधत जायची, इतिहास नाही. तारखा, कायदे, पाट्या, रस्ते हे जसे होते तसेच यायला पाहिजेत आणि त्यासाठी तुमचा तक्ता कामाचा आहे. राज्य पुनर्रचना १ नोव्हेंबर १९५६ ची, सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग १९६६ ला नेमला आणि त्याचा अहवाल १९६७ चा, कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन १९८६ चं, सुप्रीम कोर्टात महाराष्ट्रानं दावा लावला तो २००४ साली. बेळगाव शहराचं नाव सरकारी कागदावर बेळगावी झालं १ नोव्हेंबर २०१४ ला, त्यामुळे १९८० च्या कचेरीच्या इंग्रजी पाटीवर ते नाव आलं की जाणता वाचक तिथंच पुस्तक मिटतो. बेळगावातली सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इमारत, २०१२ ची आहे, एका होतकरू कादंबरीत नायक नव्वदच्या दशकात तिच्या समोरून सायकलवर जाताना मी वाचलाय आणि पुढचं माझं काही लक्ष लागलं नाही. तेव्हा तक्ता भिंतीवर लावा, पण त्यावर फक्त वर्षं राहू देत. माणसं त्यावरून पुसा.

प्रश्न: ताई, मी बेळगावात कॉलेजला आहे. शेवट माहीत नसताना सुरुवात कशी करायची हेच कळत नाही. कागद घेतला की डोक्यात काहीच येत नाही आणि आलं तर सिरीयलसारखं येतं. नक्की कशापासून सुरू करायचं?

उत्तर: अगं, तू स्वतःच अर्धं उत्तर लिहिलंयस. सिरीयलसारखं येतं कारण तू आधी *घटना* शोधतेस. घटना शोधली की डोक्यात जे सगळ्यात वर पडलेलं असतं तेच आधी हाताला लागतं. त्याऐवजी एक माणूस घे, त्याला आज, आत्ता काहीतरी पाहिजे असू दे, आणि ते मिळण्यात एक अडचण असू दे. तेवढं पुरतं. अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग यांनी २००० साली लिहिण्यावर जे पुस्तक लिहिलं त्यात ते हेच सांगतात, की ते प्लॉटपासून सुरू करत नाहीत, एका अडचणीच्या परिस्थितीत माणसांना सोडतात आणि ती कशी बाहेर पडतात ते बघत लिहितात.

आपल्याकडचंच एक करून बघू, मी तुझ्यासमोरच जुळवते. हुक्केरीकडचं एक गाव धर. एक आजी. नवरा जाऊन महिने झालेत, जमीन नावावर करायची आहे, तहसीलमधून उतारा आणलाय. उतारा कन्नडमध्ये, आजीला कन्नड बोलता येतं पण वाचता काहीच येत नाही, म्हणून ती शाळेत जाणाऱ्या नातीला वाचायला बसवते. नातीला उताऱ्यावर आजोबांच्या नावाखाली आणखी एक नाव दिसतं, जे तिनं घरात कधीच ऐकलेलं नाही. वाचायचं की नाही?

झालं, आपल्याकडे कथा आहे. इथं थांबून आराखडा केला तर पटकन काय सुचेल? आजोबांचं दुसरं लग्न, जमीन हडपणारा सावकार, फसवणारा भाऊ. तिन्ही आपण टीव्हीवर बघितलेत. म्हणून ठरवायचंच नाही, सीन लिहायचा.

नात नाव गाळून वाचते. आजोबांचं नाव, सर्वे नंबर, एवढं वाचून कागद घडी घालायला लागते. आजी म्हणते, "एवढंच? मागं वाचला तवा येळ लागला हुता की गं."

बघ, हे वाक्य लिहीपर्यंत मला माहीत नव्हतं की उतारा आधी कुणीतरी वाचून दाखवलाय. आजीच्या तोंडून ते आलं आणि सगळं बदललं. आता त्या नावाचा माणूस कोण एवढाच प्रश्न राहिला नाही. आजीला हे आधीच माहीत असणार, मग तिनं नातीलाच का बसवलं? नातीनं खोटं बोलावं की खरं, हे तिला बघायचं होतं का? आणि मागं वाचला कुणी? नात विचारते, आजी दाराकडं हात करते, शेजारचे अण्णा, आजोबांचे दोस्त, घरी कन्नड बोलणारे, आजीला रोज "ऊटा आयता", म्हणजे जेवण झालं का, विचारणारे. आता हे अण्णा कथेत आलेत, त्यांना मी बोलावलं नव्हतं. ते नाव त्यांचं आहे का? असेल तर आजीला त्यांनी वाचताना ते खरंच वाचून दाखवलं होतं का? मला अजून माहीत नाही, आणि मला आत्ता ही कथा पुढे लिहावीशी वाटतेय, हेच पाहिजे असतं.

यात दोन गोष्टी ध्यानात घे. पहिली, पुढचं पाऊल *बोलण्यातून* आलं. शेवट माहीत नसताना पात्रांना बोलू द्यावं, आणि आपल्या घरात बोलतात तसं बोलू द्यावं, "जेवलासा काय", "येतो की", मध्येच कन्नड, जसं येईल तसं. पुण्याची छापील मराठी त्यांच्या तोंडात घातली की ती गप्प बसतात, मला हे इतक्या नवीन लेखकांच्या कथांत दिसतं की वाईट वाटतं, आपल्याकडं बोलीची एवढी श्रीमंती आहे आणि आपण ती घरात ठेवून लिहायला बसतो. दुसरी गोष्ट, डोक्यात आलेली पहिली तीन उत्तरं कागदाच्या मागं लिहून टाक आणि ती वापरायची नाहीत असं ठरव. चौथं उत्तर बहुतेक वेळा त्या माणसांचं असतं.

आणि हो, सुरुवात चांगली झाली नाही म्हणून थांबू नकोस. शोधत लिहिताना खरी सुरुवात बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या पानावर सापडते, आधीची पानं नंतर काढून टाकायची असतात.

प्रश्न: नमस्कार. मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होतो, आता घरी असतो. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या एका बाईवर कादंबरी लिहितोय, आराखडा नाही. नव्वदेक पानं झाली आणि गाडी थांबली. शिवाय दुसऱ्या प्रकरणात ती विधवा होती, सातव्यात तिचा नवरा मुंबईहून परत आला, लिहिता लिहिता आलाच, मी काय करणार! आता मागं जाऊन दुरुस्त करू की पुढं जाऊ? रोज पहिलं प्रकरणच दुरुस्त करत बसतोय.

उत्तर: काका, पुढं जा. नवरा परत आलाय तर त्याला येऊ द्या, मला तर ही फारच चांगली बातमी वाटते, कारण जी बाई वीस वर्षं एकटीच्या जिवावर उभी आहे तिच्या दारात हा माणूस येऊन उभा राहणं यात तुमच्या नव्वद पानांपेक्षा जास्त कादंबरी आहे.

दुसऱ्या प्रकरणाला आत्ता हात लावू नका. एक वेगळी वही करा, त्यात लिहा, "प्रकरण दोन, नवरा मेलेला नाही, बेपत्ता आहे, लोक तिला विधवा समजतात, ती कुंकू लावते की नाही ते ठरवायचं." एवढं लिहून वही मिटा आणि आठवं प्रकरण असं लिहा की जणू ही दुरुस्ती झालेलीच आहे. रोज पहिलं प्रकरण दुरुस्त करण्याचा तोटा असा की शेवट काय हे कळल्याशिवाय पहिल्या प्रकरणात नेमकं काय पाहिजे ते कळतच नाही, आज घासूनपुसून ठेवलेलं वाक्य उद्या काढून टाकावं लागतं आणि मग जीव जातो.

मागं जाऊन बदलण्यात कमीपणा वाटून घेऊ नका. टोल्किन यांचंच आणखी एक सांगते. त्यांचं 'हॉबिट' १९३७ ला छापून आलं, त्यात गॉलम नावाचं एक पात्र कोड्यांच्या खेळात पैज म्हणून आपली अंगठी द्यायला तयार असतं. पुढची मोठी कादंबरी लिहिताना ती अंगठी इतकी भयंकर निघाली की ती कुणी राजीखुशीनं देईल हे शक्यच राहिलं नाही. मग १९५१ च्या आवृत्तीत त्यांनी *छापून आलेलं* ते प्रकरण बदललं. तुमचं तर अजून वहीतच आहे.

गाडी थांबली त्याबद्दल. लिखाण जिथं थांबतं तिथं दोष क्वचितच असतो, दोन-तीन सीन मागं असतो. तिथं कुणीतरी काहीतरी तुमच्या सोयीसाठी केलेलं असतं, मुकादम विनाकारण चांगला वागला, मुलीनं भांडण न करता ऐकून घेतलं, पैसे वेळेवर मिळाले. परत वाचताना असा सोयीचा क्षण शोधा आणि तो सीन उलटा लिहून बघा, मुलीला भांडू द्या. तिथंही काही सापडलं नाही तर ज्या सीनवर थांबलाय त्यात हजर असलेल्या प्रत्येकाला विचारा की तुला आत्ता काय पाहिजे. चाळणीवर बसलेल्या शेजारणीलासुद्धा, तिला बहुतेक तिचं दुसरंच काहीतरी पाहिजे असेल आणि गाडी तिथून निघेल.

तुम्ही वखार आतून बघितलीय, ही गोष्ट तुमच्यापाशी आहे ती शहरातल्या लेखकापाशी नाही. हजेरी कशी मांडायची, उचल कशी कापायची, तो ठसका, अंगाला आणि लुगड्याला घरी जाईपर्यंत राहणारा वास. कुठं जायचं कळेना झालं की वर्णन करू नका, *काम* लिहा, त्या बाईचे हात काय करतायत ते लिहीत राहा, हात चालू असताना माणूस बोलतो. कादंबरी १९८१ पर्यंत जाणार असेल तर तंबाखू आंदोलन आणि हायवेवर बसलेले शेतकरी येतीलच, ते साल हलवू नका, आणि तो रस्ता तेव्हा एनएच ४ होता, ४८ नव्हता.

पूर्ण झाली की मग तुमचं दिवाणजीपण बाहेर काढा. आधी वही बाजूला ठेवा, स्टीफन किंग निदान सहा आठवडे म्हणतात, मला तेवढे तरी लागतातच असं वाटतं. मग वाचायला घ्या आणि रोजकीर्दीसारखं प्रत्येक सीनला एक ओळ मांडा, कुणाला काय पाहिजे होतं, काय मिळालं, जाताना काय बदललं. ज्या ओळीत काहीच बदललं नाही तो सीन काढा किंवा दुसऱ्यात मिसळा. म्हणजे आराखडा झालाच, फक्त तो आता *असलेल्या* कादंबरीचा आहे, कल्पनेतल्या नाही. त्यानंतर ती दुसऱ्या प्रकरणाची वही उघडायची. किंग यांचा आणखी एक हिशेब आहे, दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा दहा टक्क्यांनी कमी. तुमची तीनशे पानं झाली तर दोनशे सत्तर. शोधत लिहिणाऱ्यांनी हा नियम जास्तच पाळावा, कारण वाट चुकून गेलेली पानं आपलीच असतात आणि ती टाकवत नाहीत.

प्रश्न: रहस्यकथा अशी लिहिता येते का? खुनी कोण हे लेखकालाच माहीत नसेल तर? (एक वाचक, अथणी)

उत्तर: येते, पण दुसरा खर्डा पूर्ण नव्यानं लिहायची तयारी पाहिजे. खुनी सापडला की मागं जाऊन त्याचे माग पेरावे लागतात, वेळा जुळवाव्या लागतात, खोटे संशय नीट बसवावे लागतात, आणि यात एक जरी टाका सुटला तर वाचक माफ करत नाही. पहिलीच कथा असेल तर खुनी आणि कारण एवढं ठरवा, तपास करणारा तिथपर्यंत कसा पोचतो ते शोधत जा. दोन्हीचा फायदा मिळतो.

प्रश्न: ताई, चिकोडी भागात आमची ऊसशेती आहे, कथा लिहितो, दोन दिवाळी अंकांत आल्यात. आता एका साप्ताहिकानं क्रमशः कादंबरी मागितलीय. तुमचं ऐकून काही न ठरवता सुरू करावं म्हणतो, पण भीती वाटते. कारखाने सुरू झाले की मला लिहायला वेळ मिळत नाही हेही आहे.

उत्तर: तुमची भीती बरोबर आहे आणि तुम्हाला मी वेगळं सांगणार आहे. वरती काकांना जे सांगितलं, मागं जाऊन बदला, ते तुम्हाला करता येणार नाही. छापून आलेला भाग लोकांनी वाचलेला असतो, दुसऱ्या भागात मेलेला माणूस सातव्यात परत आला तर लोक पत्रं पाठवतील. त्यामुळे क्रमशः लिहिताना थोडं ठरवावंच लागतं.

क्रमशः लिहिण्याची आपली परंपरा मोठी आहे. 'करमणूक' साप्ताहिक १८९० ला सुरू झालं आणि हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यातूनच भागाभागानं आली. इंग्रजीत डिकन्स यांनी १८३६ ला 'पिकविक पेपर्स' दर महिन्याला सुचेल तसं लिहायला घेतलं, तरुण होते, जमून गेलं. पण पुढे दहा वर्षांनी 'डॉम्बी अँड सन' लिहिताना ते प्रत्येक भागासाठी आधी एका कागदावर टिपण करायला लागले, या भागात कोण येणार, कोणाला थांबवून ठेवायचं, हे सांगायचं की नाही, असे स्वतःलाच विचारलेले प्रश्नसुद्धा त्यात असायचे. मला ते टिपण म्हणजे तुमच्यासाठी अगदी योग्य माप वाटतं. सगळ्या कादंबरीचा आराखडा नको, पण हातातल्या भागाचा आणि पुढच्या एखाद्या भागाचा असावा.

काय ठरवायचं ते सांगते. मुख्य माणसाला काय पाहिजे हे ठरवा आणि ते शेवटपर्यंत बदलू नका. एक गुपित ठरवा जे तुम्हाला माहीत आहे आणि वाचकाला नाही, ते कधी फोडायचं ते मात्र मोकळं ठेवा. नात्यांची, वयांची, गावांची एक यादी करून घरात चिकटवा, धाकटा दीर तिसऱ्या भागात बावीसचा आणि नवव्यात तिशीचा व्हायला नको. बाकी सगळं, कोण कुणाच्या बाजूनं उभं राहतं, मोळी टाकायला कोण येतं आणि कोण येत नाही, ट्रॅक्टरचा हप्ता थकल्यावर घरात कोण कुणाशी बोलायचं थांबवतं, हे लिहिता लिहिता येऊ द्या, ते आधी ठरवलं तर तुमच्या कथांतला जिवंतपणा जाईल, आणि तोच बघून तर साप्ताहिकानं तुम्हाला विचारलंय. प्रत्येक भागात एखादी छोटी गोष्ट अशीही ठेवत जा जिचा अर्थ तुम्ही अजून लावलेला नाही, एखादं बंद कपाट, न उचललेला फोन, कुणाची तरी चप्पल. सगळ्या कामाला येणार नाहीत, ज्या येतील त्यांच्यामुळे पुढं रस्ता मिळेल.

आणि वेळेचं. संपादकांना आत्ताच स्पष्ट सांगा की पहिला भाग तुमच्याकडून छापायला जाईल तेव्हा निदान पाच-सहा भाग हातात तयार असतील, त्याआधी नाही. दसऱ्याच्या आत ते लिहून काढा. म्हणजे तोडणीची टोळी शिवारात उतरल्यावर एखाद-दोन आठवडे पेन हातात घेता आलं नाही तरी अंक अडणार नाही, आणि मुख्य म्हणजे त्या पाच-सहा भागांपुरतं तरी तुम्हाला मागं जाऊन बदलता येईल.